मोठ्या रस्त्यावरचा पाळणा

"ज्याला घाई असेल त्यानं पुढं व्हावं. रस्ता मीच केलाय, जाऊन जाऊन जाणार कुठं?"

काकांचं हे वाक्य निम्म्या शहराला पाठ होतं. उरलेल्या निम्म्यांनी ते ऐकलं नसेल, कारण रस्ता दाबायच्या त्यांच्या रोलरच्या धडधडाटात कानाशी तोंड नेल्याशिवाय काही ऐकूच यायचं नाही. पण मागे गाड्यांची रांग लागली, हॉर्नचा गदारोळ उठला आणि उंच लोखंडी आसनावर बसलेल्या त्या माणसाचे ओठ हलले, की काय बोलणं झालं ते लोक समजून जात.

लोक त्यांना वरवंटा म्हणत. तोंडावर वरवंटाकाका, पाठीमागे नुसताच वरवंटा. काकांना त्याचा राग नव्हता. "वरवंट्याशिवाय वाटण होत नाही आणि माझ्याशिवाय रस्ता," असं ते मिशीला हात लावून सांगत. त्यावर घरातून आवाज येई, "आणि पाटा मी! इतकी वर्षं फिरताय अंगावरून, एक दिवस तरी लवकर घरी या." काका हसत. लवकर हा शब्द त्यांच्या घरात होता, पण तो बायकोचा होता.

शहर फार जुनं. कधीकाळी त्याला तटबंदी होती. तट पडला, त्याचे दगड लोकांनी घरांना लावले, पण वेशीची दगडी कमान तेवढी उभी राहिली. कमानीच्या आत लगेच घड्याळाचा मनोरा. मनोऱ्यापासून मोठा रस्ता सुरू व्हायचा आणि कापडवाल्यांच्या, तांबटांच्या दुकानांतून वळणं घेत घेत बसच्या आगारापर्यंत जायचा. कमानीच्या बाहेर पडलं की महामार्ग. तो मात्र सरळ, डोळा पुरेल तिथवर. या मोठ्या रस्त्यावरून राजे गेले, त्यांच्या फौजा गेल्या, व्यापाऱ्यांचे तांडे गेले. सगळे गेले आणि रस्ता तेवढा राहिला. पाण्याचा नळ टाकायला कुठे खोदकाम निघालं की काका रोलरवरून उतरून खड्ड्यात डोकावत. वर डांबर, त्याखाली खडी, खडीखाली मोठ्या फरश्या, आणि फरश्यांवर बैलगाड्यांच्या चाकांनी पाडलेल्या खोल चाकोऱ्या. "बघा," काका म्हणत, "ह्यांनाही घाईच असणार. गेले सगळे पुढं."

आणि मग वर चढून आपला रोलर सुरू करत.

त्या रोलरसारखं सावकाश वाहन शहरात दुसरं नव्हतं. शेजारून शाळेला जाणारी पोरं चालत पुढे जात आणि वळून वाकुल्या दाखवत. काका मागे कधी बघत नसत. "मागचं मागच्यांनी बघावं. माझं काम चाकाखाली आहे." चाकाखाली म्हणजे गरम माल. डंपरमधून वाफाळत उतरलेली काळी खडी बायामाणसं दंताळ्यांनी पसरत, आणि काका तिच्यावरून पुढे-मागे, पुढे-मागे जात राहत. लाटणं फिरवणारा हात जसा पोळपाटावरून उचलला जात नाही, तसं. चाकाला पाणी लागत राहिलं पाहिजे, नाहीतर डांबर चिकटतं. वळायचं तर हळूच, नाहीतर रस्ता फाटतो. आणि सगळ्यांत मोठा नियम म्हणजे गरम रस्त्यावर थांबायचं नाही. कुणीही येवो, काहीही होवो. नव्या ड्रायव्हरला काका पहिल्याच दिवशी सांगत, "गरम रस्त्यावर थांबणं म्हणजे ओल्या मातीत बसणं. तू उठतोस, बैठक राहते. बसायचं असेल तर घरी बस."

स्वतः काका असे कधीच थांबले नव्हते. एकदा टोपी उडाली, ती पडल्या जागी राहू दिली. एकदा रस्त्याचे मोठे साहेब पाहणीला आले आणि खालून हात करत राहिले. काका त्यांच्यासमोरून गेले, मागे आले, पुन्हा गेले, आणि प्रत्येक खेपेला एकेक वाक्य बोलून बोलणं पुरं केलं.

त्यांना एकच मुलगी. लहानपणी ती शाळा सुटली की बापाचा डबा घेऊन यायची आणि संध्याकाळपर्यंत रोलरवरच्या हत्यारांच्या पेटीवर बसून राहायची. तिने जग बघितलं ते तिथून, उंचावरून आणि सावकाश. मागे हॉर्न वाजले की ती कान झाकून घ्यायची. काका म्हणायचे, "हॉर्ननं डांबर निवत नाही, बाई. माणूस मात्र तापतो." मोठेपणी ती गाडी चालवायला शिकली तेव्हा तिला हॉर्नचं बटण कुठे असतं हे पुन्हा पुन्हा दाखवावं लागलं.

तिला बस चालवायची होती, शहराची मोठी बस, मोठ्या रस्त्यावरून. बसखात्याची परीक्षा अशी होती: आगारातून रिकामी बस काढायची, मोठ्या रस्त्याने कमानीबाहेर पडायचं, महामार्गावरच्या जुन्या मैलाच्या दगडाला वळसा घालून परत यायचं आणि मनोऱ्याच्या घड्याळात बाराचे टोल पडायच्या आत आगारात हजर व्हायचं. शेजारी तपासनीस बसायचा. दोनदा नापास झालं की पुन्हा बोलावणं नाही.

पहिल्या खेपेला आदल्या रात्री काकांनी मुलीला इतक्या वेळा "सावकाश" सांगितलं, की ती खरोखरच सावकाश गेली. बारा वाजले तेव्हा ती महामार्गावर होती आणि तिच्या पुढे एक सायकलवाला होता. तपासनीस म्हणाला, "गाडी उत्तम चालवतेस, पोरी. पण ही बस आहे, वरात नाही."

त्या दिवशी काका जेवले नाहीत.

दुसऱ्या खेपेला काकूंनी घरात बंदोबस्त केला. तारीख कळली तेव्हा त्या मुलीला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. "बाबांना सांगायचं नाही. कळलं तर ते सावकाश म्हणतील, आणि तू बापाची पोर, ऐकशील."

"आई, ते रोज मोठ्या रस्त्यावरच असतात."

"असू देत. ते मागं वळून कधी बघतात?"

पण पोटात गुपित राहिलं तर काकूंचं अन्न पचत नसे. म्हणून परीक्षेच्या दिवशी सकाळी भाजीच्या दुकानात त्यांनी ते एकाच माणसाला सांगितलं. ती होती झेंडेवाली मावशी. काम चालू असलेल्या रस्त्यावर एका हातात लाल आणि एका हातात हिरवा झेंडा घेऊन गाड्या थांबवणारी आणि सोडणारी ती बाई. लाल झेंडा तिच्या हातात असला की ट्रकवालेसुद्धा बापुडे होत. "माझ्या तोंडातून शब्द जाणार नाही," मावशी म्हणाली. आणि गेलाही नाही. निदान अकरा वाजेपर्यंत.

त्या दिवशी काम नेमकं मनोरा आणि कमान यांच्यामधल्या चिंचोळ्या तुकड्यात होतं. अर्ध्या रुंदीवर नवा माल पडत होता आणि उरलेल्या अर्ध्यावरून गाड्या एकेका बाजूने सोडल्या जात होत्या. पण नव्या आणि जुन्या अर्ध्याचा सांधा दाबायची वेळ आली की चाक दोन्हीकडे पसरतं आणि वाट बंद होते. मग लाल झेंडा. सांधा पुरा होईस्तोवर ब्रह्मदेव आला तरी त्याने थांबायचं.

काका सांधा दाबत होते. हवा कोरडी होती, माल मऊ पडला होता, इंजिनाचा सूर लागला होता. अशा वेळी काकांना फार बरं वाटे. मागे हॉर्न सुरू झाले, तसे त्यांचे ओठ आपोआप हलले, "ज्याला घाई असेल त्यानं…"

तेवढ्यात झेंडेवाली मावशी रोलरच्या बाजूने धावत आली. धावणारी मावशी कुणी पाहिली नव्हती.

"दादा, मागं बघा!"

"मागचं मागच्यांनी बघावं!"

"अहो, बघा म्हणते ना! पोरगी आहे तुमची बसमध्ये! आज परीक्षा आहे तिची! वहिनींनी मला शपथ घातलीय, म्हणून मी तुम्हाला काही सांगितलेलं नाही!"

काकांनी मान वळवली. रोलरवर बसून मागे बघण्याची त्यांच्या आयुष्यातली ती पहिली वेळ, त्यामुळे मानही कुरकुरली.

रांगेत सर्वांत पुढे बस होती. मोठ्या काचेमागे त्यांची मुलगी बसली होती. शेजारी तपासनीस मान वर करून मनोऱ्याच्या घड्याळाकडे बघत होता. बसच्या मागे सगळं शहर हॉर्न वाजवत होतं. एकट्या बसचा हॉर्न वाजत नव्हता. मुलीचे दोन्ही हात स्टीअरिंगच्या चाकावर होते आणि ती वाट बघत होती. लहानपणी पेटीवर डबा मांडीवर घेऊन बसायची, तशीच. बापाचं काम झाल्यावरच डबा उघडायचा असतो, हे जिला माहीत आहे तिच्यासारखी.

काकांनी समोर पाहिलं. सांधा अजून बराच उरला होता. तो पुरा होईपर्यंत घड्याळाचा काटा कुठे पोचेल, हे कळायला गणित लागत नव्हतं. वाट मोकळी करायची तर एकच उपाय होता. सांधा सोडून रोलर नव्या गरम मालावर, पार कडेला न्यायचा आणि बस जाईस्तोवर तिथे उभा करायचा. उभा!

रोलर आणखी थोडा पुढे गेला. मावशी बरोबर चालत होती.

मग काकांनी चाक वळवलं. रोलर सांध्यावरून निघाला, वाफाळत्या काळ्या मालावरून हळूहळू पलीकडच्या कडेला गेला आणि थांबला.

दंताळी हवेतल्या हवेत राहिली. पाण्याच्या बादल्या घेऊन निघालेला गडी बादल्यांसकट जागच्या जागी उभा राहिला. "काका थांबले!" कुणीतरी म्हणालं. मनोरा चालायला लागला असता तरी त्या माणसाचा आवाज असाच आला असता.

हिरवा झेंडा वर झाला. बस पुढे आली. एका बाजूला जुन्या दुकानांचे दगडी ओटे, दुसऱ्या बाजूला रोलरचं थोरलं चाक, मधून जेमतेम वाट. ती मात्र मुलीने काढली बापाच्याच चालीने, सावकाश, अंगाला अंग न लावता. तपासनिसाने पोट आत ओढून घेतलं, जणू त्याने बस बारीक होणार होती. मुलीने बापाकडे पाहिलं नाही. "माझ्याकडे नाही, रस्त्याकडे बघ," हे त्यांनीच शिकवलेलं. फक्त तिचं एक बोट चाकावरून वर उठलं आणि परत टेकलं.

बसचं शेवटचं टोक रोलरपासून सुटलं आणि काका आसनावर उभे राहिले. छातीत होती नव्हती तेवढी हवा भरून ओरडले,

"आता पळव!"

सबंध रस्त्याने ऐकलं. काकांच्या तोंडून हा शब्द ऐकून झेंडेवाल्या मावशीच्या हातातला लाल झेंडा खाली पडला. कमानीखालून बस बाहेर गेली, आणि मग महामार्गाच्या दिशेने इंजिनाचा आवाज चढत चढत गेला तो गेलाच.

काकांनी रोलर मागे घेतला आणि जिथे उभे होते तिथे पाहिलं. व्हायचं तेच झालं होतं. काळ्या गुळगुळीत रस्त्यात एक रुंद, उथळ खळगा, गादीवरून आत्ताच कुणी उठल्यासारखा. त्यांनी त्यावरून रोलर फिरवला, पुन्हा फिरवला, आडवा घेतला, तिरपा घेतला. खळगा कमी झाला, कडा मऊ झाल्या, पण गेला नाही. माल निवत चालला होता.

तेवढ्यात कामावर देखरेख करणारे धाकटे साहेब आले. वयाने लहान, मनाने सरळ. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात ते गरम रस्त्यावर मोटारसायकल लावून फोनवर बोलत उभे होते, तेव्हा काकांनी त्यांनाही ओल्या मातीचा धडा दिला होता.

"इथं कोण थांबलं?" साहेबांनी विचारलं.

सगळी टोळी आपापल्या पायांकडे बघायला लागली.

"मी," काका म्हणाले.

"तुम्ही? चेष्टा नका करू, काका."

"मीच. मागं मुलगी आली होती. परीक्षा आहे तिची." काकांनी रुमालाने तोंड पुसलं. "उद्या एवढा तुकडा उखडून नवा करतो, साहेब. माझी चूक आहे, मीच निस्तरतो."

साहेबांनी खळग्याकडे पाहिलं, मग काकांकडे, मग कमानीकडे. "परत यायचीय का ती अजून?"

"यायचीय."

"मग उद्याचं उद्या बघू," साहेब म्हणाले आणि निघून जायच्या ऐवजी तिथेच ओट्यावर बसले.

काका सांध्यावर परतले. हात काम करत होते, डोळे मात्र घड्याळावरून कमानीवर आणि कमानीवरून घड्याळावर. सांधा पुरा झाला, वाट मोकळी झाली, तरी बस नाही. मोठा काटा बाराकडे सरकत होता. आयुष्यभर त्या घड्याळाने काकांना कधी घाई केली नव्हती. आज ते धावत सुटलं होतं.

"मावशी, वाटेत काही झालं तर नसेल?"

"काय होतंय! जाऊन जाऊन जाणार कुठं? रस्ता तुम्हीच केलाय."

टोळी खो खो हसली. काकांनी मात्र पुन्हा घड्याळाकडे पाहिलं.

आणि कमानीत बस दिसली. आली ती दिमाखात आली. मावशीने हिरवा झेंडा असा फडकावला की अर्धा मनोरा झाकला गेला. बस मनोऱ्याखालून गेली, मोठ्या रस्त्याला लागली, कापडवाल्यांपाशी वळली आणि दिसेनाशी झाली. काटा बारावर टेकायला बोटभर उरला होता. आगार तिथून दिसत नव्हतं.

टोल पडायला लागले. काका एकेक टोल ऐकत राहिले. शेवटचा टोल हवेत विरला तरी कळायला काही मार्ग नव्हता. म्हणून ते रोलर चालवत राहिले. दुसरं त्यांना येत काय होतं?

जेवणाच्या सुट्टीत दोघी आल्या. काकू पुढे, हातात डबा. मुलगी मागे, मान खाली. काकांचा धीर सुटला. ते खाली उतरले आणि म्हणाले, "असू दे, बाई. दुसरं काहीतरी…"

"सोमवारपासून," मुलगी म्हणाली. आणि मान वर केली तेव्हा सगळं तोंड हसत होतं. "सकाळची पहिली गाडी. मोठा रस्ता."

"अगं मग मान खाली कशाला?"

"आई म्हणाली, थोडं घाबरवू या."

"मला सोडून सगळ्या रस्त्याला परीक्षा माहीत!" काका मावशीकडे बघून गरजले. मावशी झेंड्यांची घडी घालण्यात गर्क होती.

मुलगी सांगत होती, "तपासनीस म्हणाले, हॉर्न का वाजवत नाहीस? मी म्हटलं, पुढे बाबा आहेत. मग परत आल्यावर म्हणाले, जिला रोलरमागे शांत बसता येतं, ती प्रवाशांची भांडणंही निभावून नेईल."

"आणि मी ओरडलो ते?"

"ऐकलं ना. पण मला वाटलं, दुसऱ्याच कुणाचे तरी बाबा ओरडतायत."

मग तिचं लक्ष खळग्याकडे गेलं. ती त्या रस्त्याची लेक, तिला सांगावं लागलं नाही. ती खाली बसली, कोमट डांबरावरून तळवा फिरवला आणि बराच वेळ उठली नाही.

"उद्या उखडणार आहे," काका म्हणाले.

"उखडायला हात तर लावून बघा!" काकू म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी खळग्यात बादलीभर पाणी ओतायला लावलं. रस्त्याला उतार होता, पाणी साचलं नाही, कडेने वाहून गेलं. "पाणी थांबत नाही. कापून ठिगळ लावलं तर ते याहून वाईट दिसेल. राहू द्या," साहेब म्हणाले. काका पुटपुटले, पण त्यांनीही दुसऱ्यांदा विचारलं नाही.

खळग्याने कुणाचं काही बिघडवलं नाही. बस त्यावरून गेली की पुढून किंचित झुकायची, मागून किंचित उठायची, आणि पुढे जायची. एकदा एक रडणारं तान्हं नेमकं तिथेच गप्प झालं. त्याची आई म्हणाली, "बाई गं, इथं पाळणाच बांधलाय की कुणी!" तेव्हापासून त्या जागेचं नाव पाळणा पडलं. "पाळण्यापाशी उतरायचंय" असं लोक म्हणू लागले. तो खळगा कसा पडला, हे थोड्यांनाच माहीत होतं. आणि नव्या रोलरवाल्यांना काका गरम रस्त्याचा नियम तसाच शिकवत राहिले. कुणी आगाऊ पोरगा पाळण्याकडे बोट दाखवून विचारायचा, "आणि तो हो, काका?" काका म्हणायचे, "तुला मुलगी होऊ दे, मग बोल."

असे रस्ते दाबत दाबत काकांची निवृत्ती आली, तीही आपल्या चालीने. त्या दिवशी त्यांनी कमानीबाहेर रस्तेखात्याच्या अंगणात रोलर उभा केला, चाकाला चिकटलेली खडी खरवडून काढली, किल्ली साहेबांच्या हातात ठेवली. हार-भाषणं त्यांनी आधीच नको म्हणून सांगितलं होतं. साहेब म्हणाले, "गाडीने सोडतो, काका."

"चालत जातो," काका म्हणाले. "एवढा दाबला, कधी नीट चाललो नाही त्याच्यावरून."

ते कमानीखालून आत आले, हात पाठीशी, रस्त्याच्या मधोमध. जुन्या सवयीने पावलं चाकासारखी पडत होती, एक सरळ रेघ धरून. मागे संध्याकाळची बस आली. लगेच तिच्यामागे रांग लागली, हॉर्न सुरू झाले. काकांनी मागे पाहिलं नाही.

बसमधला एक माणूस उठून पुढे आला. "अहो ताई, हॉर्न वाजवा ना! म्हातारा मधून चाललाय!"

ड्रायव्हर ताईने मान वळवली नाही. "ज्याला घाई असेल त्यानं उतरून पुढं व्हावं," ती म्हणाली. "रस्ता त्यांनीच केलाय."

काका पाळण्यापाशी आले. थांबले. बुटाच्या टाचेने कड दाबून पाहिली, जाणत्या माणसाने फणस दाबून पाहावा तशी. मग मान हलवली आणि चालू लागले, मनोऱ्याच्या सावलीतून, कापडवाल्यांच्या वळणाकडे. दुकानदार ओट्यांवर उभे राहून बघत होते. झेंडेवाल्या मावशीने दोन्ही झेंडे काखेत मारले होते आणि ती बघत होती. आणि त्या सगळ्यांच्या वर, मोठ्या काचेमागे दोन्ही हात चाकावर ठेवून त्यांची मुलगी बघत होती. ते वळणाआड जाईपर्यंत तिने बस हलवली नाही.